जुन्या दराला कंस

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून आम्ही सगळे बोळिंजला आत्याकडे जमलो होतो. त्याच मध्यरात्रीपासून जीएसटीचे दर बदलणार होते. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक माल ५ किंवा १८ मध्ये येणार, त्यामुळे टीव्हीवर दिवसभर काय स्वस्त होणार याचीच यादी चालू होती. आत्या घटासाठी माती चाळत बसली होती. चाळता चाळता म्हणाली, "तुझं तर आज मोठं काम असेल ना रे? सगळ्या कारखान्यांची बिलं बदलायची. आणि तू इथे काय करतोयस?"

"माझं काम दोन दिवसांपूर्वीच झालं."

"मग आज रात्री?"

"आज रात्री जेवणार आणि झोपणार."

तिने चाळणी खाली ठेवली. "मग लोक तुला दर महिन्याला पैसे देतात ते कशाचे?"

प्रश्न रास्त होता. त्या गोंधळात मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आता लिहितोय. जरा लांबेल, कारण सुरुवात सातिवलीपासून करावी लागेल.

ज्यांनी सातिवली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: वसई रोडला पूर्वेकडे उतरायचं आणि गोखिवऱ्याच्या दिशेने रिक्षा धरायची. अहमदाबाद हायवे लागायच्या आधी, तुंगारेश्वरचा डोंगर समोर दिसत असताना, गाळ्यांच्या रांगा सुरू होतात. प्लास्टिक मोल्डिंग, पावडर कोटिंग, पुठ्ठ्याची खोकी, असले धंदे. वर पत्रा, खाली मशीन आणि पोटमाळ्यावर ऑफिस. पोटमाळ्यावर एक कॉम्प्युटर, त्याला धुळीसाठी प्लास्टिकचं कव्हर, शेजारी करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. २००४ मध्ये मी या पोटमाळ्यांवर माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला लागलो. एकदाच पैसे घ्यायचे, सीडी द्यायची, आणि दरवर्षी थोडी देखभालीची रक्कम. (ती मागायला गेलं की शेठ नेमके बाहेर गेलेले असायचे. असो.)

आता त्या प्रोग्रॅममध्ये कराचा दर कुठे लिहिला होता? प्रोग्रॅमच्या पोटात. रक्कम गुणिले अमुक टक्के, असं सरळ. पुस्तकात तसंच शिकलो होतो आणि चालतही होतं. पहिला दणका १ एप्रिल २००५ ला बसला. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा जाऊन महाराष्ट्रात व्हॅट आला, बहुतेक मालाला ४ नाहीतर साडेबारा टक्के. तो दिवस शुक्रवार होता. आमच्या भागातल्या गाळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते, म्हणून मला एक दिवस जास्त मिळाला. त्या सुट्टीचीही एक गंमत होती. मुंबईहून आणलेली हजेरीची सॉफ्टवेअर रविवार हीच सुट्टी धरून चालायची. त्यामुळे सातिवलीचा कामगार शुक्रवारी गैरहजर आणि रविवारी ओव्हरटाइमवर! हजेरीचा कारकून दर महिन्याला ते हाताने दुरुस्त करायचा. एका ओळीची सेटिंग असती तर त्या माणसाचे दर महिन्याचे दोन दिवस वाचले असते, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

व्हॅट एकदाच येणार असं वाटलं होतं. पण पुढची चार वर्षं कशी गेली बघा. परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर, म्हणजे सीएसटी, १ एप्रिल २००७ ला ४ चा ३ झाला. १ मार्च २००८ ला अबकारी कर १६ चा १४. १ जून २००८ ला सीएसटी ३ चा २. मग जगभर मंदी आली आणि ७ डिसेंबर २००८ ला अबकारी १४ चा १०. २४ फेब्रुवारी २००९ ला १० चा ८. त्या अबकारीवर शिक्षणाचा अधिभार वेगळा, तो २ चा ३ झाला तेही त्याच काळात. प्रत्येक वेळी मी घरी बसून प्रोग्रॅममधला आकडा बदलायचो आणि पेनड्राइव्ह खिशात घालून गाळ्यागाळ्यांतून फिरायचो. पावसात पायाला चिखल, वर पोटमाळ्यावर "आलास का बाबा" म्हणणारा अकाउंटंट. वीसेक गाळे, दोन दिवस. मला त्याचा अभिमानच होता हो! ग्राहकाला किती तत्पर सेवा देतो आपण.

तो अभिमान २०१० मध्ये उतरला.

प्लास्टिकच्या डब्या बनवणारा एक गाळा होता. माझा पहिला ग्राहक. शेठ स्वतः मशीनवर उभे राहणारे, सहा कामगार. त्यांचा बराच माल गुजरातमधल्या एका कंपनीला जायचा. परराज्यातल्या विक्रीला सवलतीचा दर लावायचा तर समोरच्याकडून सी फॉर्म यावा लागे, आणि तो महिनोन्‌महिने यायचा नाही. या कंपनीने २००७ च्या अखेरीस कळवलं, की फेब्रुवारी-मार्चच्या बिलांच्या प्रती पुन्हा पाठवा, म्हणजे फॉर्म काढतो. अकाउंटंट काकांनी माझ्या सॉफ्टवेअरमधून ती बिलं पुन्हा छापली. सॉफ्टवेअरने काय केलं? जुन्या बिलाची रक्कम घेतली आणि त्यावर आजचा दर लावला. मार्चच्या बिलावर ४ टक्के होते, आता ३ छापले गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही. फॉर्म त्या रकमेचा आला आणि फायलीत लागला.

तीन वर्षांनी तपासणीत फॉर्म आणि विक्रीचं रजिस्टर जुळेना. दुरुस्त फॉर्म मागवावा, तर तोवर गुजरातची ती कंपनीच बंद पडलेली. सवलतीचा दर गेला. फरक आणि त्यावरचं व्याज शेठना भरावं लागलं. त्या वर्षी गाळ्यात दिवाळीचा बोनस निम्मा वाटला गेला. शेठ मला एक शब्द बोलले नाहीत, हे जास्त लागलं. बोलले ते अकाउंटंट काका. निवृत्तीला आलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. म्हणाले, "अरे, दर आज बदलला. काल नाही ना बदलला?"

मी दोन आठवडे नवं काही केलं नाही.

त्याच दिवाळीत आत्याच्या घरी वाडीच्या वाटणीचं काही काम निघालं होतं आणि तिने मला सातबारा वाचायला दिला. तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं. मी वाचत होतो, आणि मला पणजोबांपासूनची सगळी नावं त्या एका कागदावर दिसली. मेलेल्या माणसाचं नाव खोडलेलं नव्हतं. त्याला कंस केलेला होता. खाली नवं नाव, आणि त्याच्या बाजूला वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन तलाठ्याच्या नमुना सहाच्या वहीत गेलं, की कुठल्या तारखेला, कशामुळे, कोणाच्या अर्जावरून हे नाव लागलं ते सापडतं. शाळकरी पोरालाही माहीत असलेली गोष्ट, आपल्याकडे कोण सातबारा पाहत नाही! पण त्या दिवशी मी तो प्रोग्रॅमरच्या डोळ्यांनी पाहिला. इथे कोणी काहीच पुसत नाही. जुनं ते कंसात जातं आणि नवं ते तारखेसकट येतं. म्हणून पन्नास वर्षांपूर्वी मालक कोण होता, या प्रश्नाचं उत्तर आजही देता येतं.

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये दर हा एक आकडा होता. तो खरं तर एक नोंद असायला हवा होता: कोणाला लागू, किती, कधीपासून, कधीपर्यंत, कोणी नोंदवला. आणि बिल छापताना आजची तारीख बघायची नाही, बिलाची तारीख बघायची. एवढंच. एवढ्यासाठी एका माणसाच्या सहा कामगारांचा बोनस गेला.

घरी येऊन मी दर प्रोग्रॅममधून उपसून एका तक्त्यात टाकले. मग लक्षात आलं, की पोटात लपलेलं असं बरंच काही आहे. शुक्रवारची सुट्टी. बिलाच्या क्रमांकाची पद्धत. चलन आधी की बिल आधी. गाळ्याचा पत्तासुद्धा! ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली होती, आणि पुढे १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. नव्या बिलावर जिल्हा पालघर हवा, पण जुलै २०१४ च्या बिलाची प्रत काढली तर तिच्यावर ठाणेच यायला हवा.

आपण काहीतरी मोठा शोध लावला आहे असं मला तेव्हा वाटत होतं. नंतर वाचायला लागल्यावर कळलं, की हा रस्ता फार जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा तुकडा आपल्या पुण्यातूनच जातो.

१९७० च्या दशकात झुरिकच्या तंत्रविद्यापीठात निक्लाउस विर्थ यांच्या गटापुढे एक प्रश्न होता. त्यांनी बनवलेली पास्कल ही भाषा सगळ्यांना हवी होती, पण प्रत्येकाचं मशीन वेगळं. प्रत्येक मशीनसाठी अख्खा कंपायलर लिहायचा तर जन्म जायचा. त्यांनी असं केलं, की एक काल्पनिक, साधंसोपं मशीन ठरवलं. कंपायलर त्या काल्पनिक मशीनच्या सूचना लिहून देणार. ज्याला पास्कल हवी त्याने आपल्या खऱ्या मशीनवर त्या सूचना वाचून पाळणारा एक छोटा प्रोग्रॅम तेवढा लिहायचा. मोठा भाग सगळ्यांना सारखा आणि वेगळा भाग अगदी लहान. पास्कल-पी नावाने हे काम जगभर गेलं, आणि त्यावर नाव असलेल्या चार-पाच जणांत एक केशव नोरी होते, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये काम केलेले. पुढे ते पुण्यात टीआरडीडीसीमध्ये आले.

टीआरडीडीसी ही टाटांची संशोधनसंस्था १९८१ मध्ये फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचं ठिकाण मला फार आवडतं: हडपसरची औद्योगिक वसाहत! म्हणजे आमच्यासारखीच शेडची वस्ती. तिथे नव्वदच्या दशकात मास्टरक्राफ्ट नावाचं एक साधन तयार झालं. टीसीएसला बँका, विमा कंपन्या अशा ठिकाणी जवळजवळ सारखीच, पण प्रत्येक वेळी थोडी वेगळी सॉफ्टवेअर बनवावी लागत. कोणाचा डेटाबेस वेगळा, कोणाचा पडदा वेगळा, कोणाचं मशीन वेगळं. व्यवहाराचे नियम मात्र बरेचसे तेच. मग व्यवहाराचं एक चित्र, एक प्रतिमान आधी मांडायचं आणि त्यातून लागेल त्या यंत्रणेसाठी प्रोग्रॅम आपोआप तयार करून घ्यायचा. तिथले विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये 'आयईईई सॉफ्टवेअर' या नियतकालिकात याबद्दल लेख लिहिला. त्याचा गाभा माझ्या भाषेत असा: जी गोष्ट वेगळ्या कारणासाठी बदलते, ती वेगळ्या ठिकाणी लिहा. ज्या वर्षांत माझे दर प्रोग्रॅमच्या पोटात बसले होते, त्याच वर्षांत हडपसरला हे छापून झालं होतं. वसई ते हडपसर अंतर काही फार नाही. वाचन नसलं की ते वाढतं.

पण पुण्याच्या पद्धतीत आणि मला हव्या असलेल्या पद्धतीत एक फरक होता. तिथे प्रतिमानातून प्रोग्रॅम आधी तयार होतो, मग तो ग्राहकाकडे जातो. प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा. मला तर पेनड्राइव्ह घेऊन फिरणंच बंद करायचं होतं. इंटरनेट पोटमाळ्यांपर्यंत पोचायला लागलं होतं. प्रोग्रॅम एकाच ठिकाणी चालावा, सगळ्यांनी तिथे यावं आणि दर महिन्याला वर्गणी द्यावी, असं डोक्यात होतं.

वर्गणी म्हटल्यावर तुम्हाला हे अगदी नवं वाटेल, पण भाड्याने हिशेब करून घेणं मुंबईला फार जुनं आहे. आयबीएम आपली मशीनं इथे भाड्यानेच द्यायची, १९७८ मध्ये देश सोडून जाईपर्यंत. आणि १९६८ मध्ये टीसीएस सुरू झाली तीच मुळी दुसऱ्यांचे हिशेब करून देण्याच्या कामावर: टिस्कोसाठी पंचकार्डांची कामं, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या व्यवहारांची जुळवणी. मशीन एक, गिऱ्हाइकं अनेक. मग स्वस्त पीसी आले, प्रत्येकाला आपलं मशीन आणि आपली सीडी मिळाली, आणि पंचवीस-तीस वर्षांनी आपण पुन्हा भाड्यावर आलो.

एकाच प्रोग्रॅमवर अनेक गिऱ्हाइकं म्हणजे चाळ. जिना एक, टाकी एक, पण प्रत्येक खोलीला स्वतःचं कुलूप. आणि प्रत्येक भाडेकरूला आतली फळी वेगळ्या उंचीवर हवी. भिंत न पाडता ती कशी द्यायची? १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सने याचं उत्तर मोठ्या प्रमाणावर दिलं, आणि २००९ मध्ये त्यांच्या लोकांनी एका शोधनिबंधात ते उघड मांडलं. सगळ्या गिऱ्हाइकांची माहिती एकाच अवाढव्य तक्त्यात, ज्याच्या रकान्यांना नावंच नाहीत, नुसते क्रमांक. पाचशे एक रकाने! कोणत्या गिऱ्हाइकासाठी पाचवा रकाना म्हणजे 'माल पोचवायची तारीख' आणि कोणासाठी 'साच्याचा क्रमांक', हे दुसऱ्या तक्त्यात लिहिलेलं. प्रोग्रॅम चालता चालता तो दुसरा तक्ता वाचतो आणि त्याप्रमाणे पडदा काढतो. झुरिकचं काल्पनिक मशीन आठवलं ना? तेच. सूचनांच्या जागी तक्त्यातल्या ओळी आल्या.

मी तो निबंध तीनदा वाचला आणि मग आमचा सांगाडा नव्याने उभा केला. २०१० ते २०१२ अशी दोन वर्षं गेली. आम्ही म्हणजे मी आणि नालासोपाऱ्याचे दोन मुलगे. ठरवलं असं, की प्रोग्रॅमला 'बिल' म्हणजे काय हेही माहीत नसावं. त्याला फक्त एवढं कळावं: कागद असतात, कागदावर रकाने असतात, कागद एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जातो, काही रकाने नियमाने भरतात, आणि प्रत्येक नियमाला तारीख असते. बाकी सगळं तक्त्यांत. खोकी बनवणाऱ्याचं चलन, मोल्डिंगवाल्याचा साचा-नोंदीचा कागद, हजेरी, गेटपास, सगळे या सांगाड्याच्या दृष्टीने सारखेच. नवा गाळा वर्गणीदार झाला, की त्याच्यासाठी प्रोग्रॅमची एकही ओळ लिहायची नाही, तक्ते भरायचे. पहिल्या गाळ्याला तीन आठवडे लागले, दहाव्याला दीड दिवस.

आणि तक्त्यांत पुसण्याची सोयच ठेवली नाही. बटण होतं त्याचं नावच आम्ही 'कंस करा' असं ठेवलं. मुलं हसायची, पण अकाउंटंट लोकांना ते लगेच कळलं. कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. आमची सगळ्यात मोठी चूक मला वाटतं २०१४ ची. सगळं तक्त्यांतून करायचं या नादात आम्ही एका रकान्यात सूत्र लिहायची सोय दिली. सुरुवातीला लहान सूत्रं: वजन गुणिले दर. मग एका ग्राहकाच्या सवलतींसाठी आमच्याच मुलाने त्या डबीत चाळीस ओळींचं सूत्र लिहिलं. जर असं, तर तसं, नाहीतर अमुक, त्यातही दिवाळीच्या आधी असेल तर... तो मुलगा नोकरी सोडून गेला. सूत्र चुकलं तेव्हा ते कोणालाच वाचता येईना, मलाही नाही. तो प्रोग्रॅमच होता, फक्त लपून बसलेला, ना त्याची चाचणी ना त्याचा इतिहास.

असं आपल्याच बाबतीत होतं असं वाटतं, पण मोठ्यांचंही झालेलं आहे. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत सॅप सुरू केली ती एका नायलॉनच्या कारखान्याच्या कामाने. एकदा लिहिलेला व्यवहार दुसऱ्या कारखान्यालाही चालावा, म्हणून वेगळेपण तक्त्यांत काढत गेले. १९९२ च्या आर-थ्रीपर्यंत ते तक्ते इतके झाले, की ते भरणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच तयार झाला. पुण्यात अशा सल्लागारांचे क्लास गल्लोगल्ली निघाले होते, आठवत असतील. प्रोग्रॅमर नको म्हणून सेटिंग आणली आणि सेटिंगसाठी प्रोग्रॅमरपेक्षा महाग माणूस आणावा लागला!

आम्ही सूत्रांची डबी काढून टाकली. त्यानंतरचा नियम साधा आहे: जी सेटिंग अकाउंटंटला मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, ती सेटिंग नव्हे. ती प्रोग्रॅममध्येच लिहायची, चाचणी करून. त्यामुळे दोन-तीन ग्राहक गेले. त्यांना सगळं 'सेटिंगमधून' हवं होतं.

आणि मग १ जुलै २०१७, जीएसटी. तोवर माझा समज असा, की कसाही कर येऊ दे, आपण एक ओळ टाकू. एलबीटी आला आणि १ ऑगस्ट २०१५ ला लहान व्यापाऱ्यांसाठी गेला, तो खरंच एका ओळीत गेला, म्हणजे त्याला कंस झाला. सेवाकर १ जून २०१५ ला १४ झाला, नोव्हेंबरात साडेचौदा, पुढच्या जूनमध्ये १५, तेही तीन ओळींत. जीएसटी मात्र ओळीत बसेना. कारण दर बदलला नव्हता, कराचा आकारच बदलला होता. माल महाराष्ट्रात गेला तर कराचे दोन सारखे भाग, बाहेर गेला तर एकच. ते ठरणार माल कुठे पोचतो त्यावरून. आमच्या नियमाला 'कधीपासून' माहीत होतं, 'कुठे' माहीत नव्हतं. मे-जून आम्ही तिघांनी सांगाडाच उकलला. बिल एकाच्या नावाने आणि माल तिसऱ्याच्या दारात, ही सातिवलीतली रोजची गोष्ट, तिच्यासाठी तर वेगळी रात्र गेली. तेव्हापासून मी ग्राहकाला 'काहीही बदललं तरी चालेल' असं सांगत नाही. जे बदल आपण आधी कधीतरी पाहिलेत, तेवढ्यांसाठीच तक्त्यात रकाना असतो. बाकीच्यांसाठी जागरण.

तर आत्या, लोक पैसे देतात ते त्या जागरणाचे आणि मधल्या झोपेचेही. २०२५ चा बदल नुसता दराचा होता. ज्या वर्गणीदारांचा माल बदलत होता त्यांच्या तक्त्यांत जुन्या ओळीला २१ सप्टेंबरचा कंस, खाली २२ पासूनची नवी ओळ, एवढं शुक्रवारी गाळे बंद असताना करून ठेवलं. रात्री बाराला मी झोपलेलो होतो. सोमवारी सकाळी एका गाळ्यातून फोन आला, तोही तक्रारीचा नव्हे. ऑगस्टमधला माल परत आलाय, क्रेडिट नोट नव्या दराने काढायची की जुन्या? मी म्हटलं, काढून तर बघा. पलीकडे प्रिंटरचा आवाज आला, मग थोडी शांतता. "जुनाच आला हो," बाई म्हणाल्या.

डब्यांच्या गाळ्यावर आता शेठचा मुलगा बसतो. सांगाड्यात तो ग्राहक क्रमांक एक आहे आणि त्याच्याकडून मी वर्गणी घेत नाही. शेठना हे पसंत नव्हतं, त्यांनी दोनदा चेक पाठवला, मी दोनदा परत केला, मग विषय थांबला. त्यांची जुनी बिलंही आम्ही नव्या सांगाड्यात आणली आहेत, त्या वर्षीच्या दराच्या ओळींसकट. मार्च २००७ चं एक बिल मी अजूनही अधूनमधून छापून बघतो. चार टक्के येतात.